सस्पेंड होताना ड्रायव्हरनं काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागातल्या द्राक्षबागांत हवामान नोंदवणारे छोटे बोर्ड उभे असतात. त्यांतल्या काही बोर्डांचं कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं, काम आम्ही सांगलीत, विश्रामबागेत बसून करतो. बोर्ड दर पंधरा मिनिटांनी जागा होतो, तापमान, आर्द्रता आणि पानांवरचा ओलावा मोजतो आणि पुन्हा झोपतो. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा आली, पहाटे दव पडलं, की डाउनीची, म्हणजे केवडा रोगावरची, फवारणी घ्यायची का नाही हे बागायतदार या आकड्यांवर ठरवतो. नेमका त्याच पहाटे बोर्ड मेलेला सापडला तर त्या माणसाला तोंड कसं दाखवायचं? सस्पेंडचा विषय आमच्याकडे कुणी हलक्यात घेत नाही तो यामुळे.

कामावर नव्यानं आलेली मुलं आणि प्रोजेक्टसाठी येणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळं लिनक्स कर्नलबद्दल आहे. ड्रायव्हर म्हणजे कर्नलमधला एकेका उपकरणाला चालवणारा कोड, आणि सस्पेंड म्हणजे मशीनला झोपवणं. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. नावाच्या दोन शब्दांमध्ये जागा दिसेल तिथे कोडमध्ये अंडरस्कोर आहे असं समजा.

सस्पेंड म्हणजे नेमकी कोणती झोप?

तीन झोपा वेगळ्या ओळखा. पहिली सस्पेंड टू आयडल, म्हणजे एसटूआयडल. यात प्रोसेस गोठतात, उपकरणं झोपतात आणि सीपीयू आपल्या सर्वांत खोल आयडल अवस्थेत बसून राहतो. दुसरी डीप, म्हणजे सस्पेंड टू रॅम. यात रॅम स्वतःला रिफ्रेश करत राहते, बाकी बहुतेक सगळ्याची वीज जाते. तिसरी हायबरनेशन. यात रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून मशीन बंदच होतं.

मशीनवर काय काय उपलब्ध आहे हे सिसएफएसमधल्या, म्हणजे कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलींमधल्या, पॉवर फोल्डरातल्या स्टेट आणि मेम स्लीप या फाइली सांगतात. मेम स्लीपमध्ये चौकटी कंसात जे दिसतं ते सध्या निवडलेलं. हे आधी बघायची सवय लावून घ्या. एसटूआयडलमध्ये चाचणी करून बोर्ड बागेत लावला आणि तिथे तो डीपमध्ये गेला, तर चाचणीचा काही उपयोग नाही. एसटूआयडलमध्ये चिपची वीज बऱ्याचदा टिकते, डीपमध्ये तिची रजिस्टरं, म्हणजे सेटिंग ठेवायच्या जागा, पुसली जातात.

माझ्या ड्रायव्हरला सस्पेंड कळतं कधी?

आधी नोटिफायर, म्हणजे झोप येतेय हे आधीच कळवणारी फंक्शनं, वाजतात, मग युजरस्पेसच्या, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमांच्या, प्रोसेस गोठवल्या जातात. त्यासाठी कर्नल मूळ सेटिंगप्रमाणे जास्तीत जास्त २० सेकंद वाट बघतो. त्यानंतर उपकरणांची पाळी येते आणि ती चार टप्प्यांत येते: प्रिपेअर, सस्पेंड, सस्पेंड लेट आणि सस्पेंड नो-आयआरक्यू. आयआरक्यू म्हणजे इंटरप्ट, उपकरणानं सीपीयूला मारलेली हाक. उठताना उलट क्रमानं रिझ्युम नो-आयआरक्यू, रिझ्युम अर्ली, रिझ्युम आणि कम्प्लीट.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. प्रिपेअर येतो तेव्हा युजरस्पेस आधीच गोठलेलं असतं. कुठल्या डीमनला विचारून काही ठरवायचं असेल, मोठी मेमरी मागायची असेल किंवा फाइल वाचायची असेल, तर ते पीएम (पॉवर मॅनेजमेंट) नोटिफायरमध्ये उरकायला हवं. प्रिपेअरपर्यंत थांबलात तर उशीर झाला. शिवाय प्रिपेअर झाल्यापासून रिझ्युमचा टप्पा येईपर्यंत त्या उपकरणाखाली नवीन मूल-उपकरण नोंदवायचं नाही.

चार टप्पे आहेत, पण कुठे काय करायचं?

हा आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. बोर्ड अडकण्याची जी कारणं मी आजवर शोधली, त्यांतली बहुतेक इथेच सापडली.

ठिबक असलेल्या कुठल्याही बागेत मोटर चालू असताना सगळे व्हॉल्व्ह बंद करायला कुणी जात नाही. तसं केलं तर दाब वाढून पाइप सांध्यात सुटतो. आधी मोटर, मग व्हॉल्व्ह. ड्रायव्हरमध्येही आधी कामाचा उगम थांबवायचा, मग वाटेत असलेलं काम संपू द्यायचं आणि शेवटी वीज काढायची. नवा माणूस बरोबर उलटं करतो. त्याला सस्पेंड म्हणजे वीज बंद करणं वाटतं, म्हणून कॉलबॅकच्या, म्हणजे त्या टप्प्यावर कर्नल बोलावतो त्या फंक्शनाच्या, पहिल्याच ओळीत तो क्लॉक, म्हणजे चिपला चालवणारा ठोका, बंद करतो.

साध्या सेन्सरचा सस्पेंड कॉलबॅक मी असा लिहायला सांगतो. पहिल्यांदा वरून नवीन विनंती येणं थांबवा. आयआयओ (सेन्सरांसाठीची) किंवा इनपुटसारख्या सबसिस्टीमचं स्वतःचं सस्पेंड फंक्शन असेल तर तेच वापरा. मग चिपला सांगा की आता इंटरप्ट देऊ नकोस, आणि डिसेबल आयआरक्यू करा. हे फंक्शन चालू असलेला हँडलर, म्हणजे इंटरप्टला उत्तर देणारा कोड, संपेपर्यंत थांबतं, म्हणून ते इथे हवंच. त्यानंतर कॅन्सल डिलेड वर्क सिंक, म्हणजे नंतर करायला रांगेत ठेवलेलं वर्क रद्द. हाच क्रम का? वर्क आधी रद्द केलं आणि इंटरप्ट चालूच राहिला, तर पुढचा इंटरप्ट तेच वर्क पुन्हा रांगेत लावतो आणि क्लॉक गेल्यावर ते उठून रजिस्टर वाचायला जातं. हे सगळं झाल्यावर रजिस्टरांची स्थिती जपा, क्लॉक बंद करा, रेग्युलेटर सोडा आणि पिनांना स्लीप अवस्थेत न्या.

लेट टप्पा कशाला मग? त्या वेळेपर्यंत रनटाइम पीएम, म्हणजे मशीन चालू असतानाच रिकामं उपकरण झोपवण्याची सोय, बंद झालेलं असतं, त्यामुळे उपकरणाची स्थिती तुमच्या मागे कुणी बदलत नाही. नो-आयआरक्यू टप्पा मुख्यतः बस, म्हणजे उपकरणं जोडणारी वाट, आणि तिच्या कंट्रोलरवाल्यांसाठी आहे. ज्यांच्यावर इतरांची भिस्त आहे त्यांनी सर्वांत शेवटी झोपायचं आणि सर्वांत आधी उठायचं. सेन्सरच्या ड्रायव्हरनं नो-आयआरक्यूमध्ये काही केलेलं दिसलं की मी आधी कारण विचारतो.

सस्पेंड झाल्यावरसुद्धा इंटरप्ट येतो असं तुम्ही म्हणता. खरंच येतो का?

येतो. एक प्रसंग सांगतो.

पानांवरचा ओलावा मोजणारा सेन्सर आयटूसीवर, म्हणजे दोन तारांच्या बसवर, होता आणि त्याची इंटरप्टची तार वेगळ्या पिनवर. टेबलावर शेकडो वेळा झोपला, उठला. बागेत मात्र चार-सहा दिवसांतून एकदा बोर्ड पहाटेच अडकायचा. वॉचडॉग, म्हणजे अडकलेला बोर्ड ओळखणारा टायमर, त्याला रीसेट करायचा आणि तेवढ्या वेळच्या नोंदी जायच्या. सीरियल केबल लावून, लॅपटॉप मांडीवर घेऊन मी दोन रात्री वेलींखाली बसलो. दुसऱ्या पहाटे साडेपाचला लॉगमध्ये ओळ आली: ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड. खाली कॉल ट्रेस, आणि त्यात आमच्याच ड्रायव्हरचा थ्रेडेड हँडलर.

घडत होतं ते असं. आमचा सस्पेंड कॉलबॅक सेन्सरला झोपेची आज्ञा देऊन परत यायचा, पण डिसेबल आयआरक्यू त्यात नव्हतं. क्रमाप्रमाणे पुढे आयटूसी कंट्रोलर झोपायचा. कर्नल सगळे इंटरप्ट स्वतःहून थांबवतो ते नो-आयआरक्यू टप्प्याच्या तोंडाशी. म्हणजे आमचा कॉलबॅक संपल्यापासून तिथपर्यंत काही मिलिसेकंदांची फट उघडी होती. पहाटे दव पडायला लागलं की सेन्सर उंबरठ्यावर सारखा वरखाली व्हायचा आणि एखादा इंटरप्ट नेमका त्या फटीत पडायचा. हँडलर आयटूसीवरून वाचायला जायचा तेव्हा कंट्रोलर झोपलेला. टेबलावर दव पडत नाही, म्हणून टेबलावर ते कधी दिसलंच नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती. त्यातही आमचं नशीब चांगलं. तो कंट्रोलर ड्रायव्हर स्वतःला सस्पेंडेड म्हणून नोंदवणारा होता, म्हणून कर्नलनं त्रुटी परत केली आणि इशारा छापला. तसं नोंदवणं ऐच्छिक आहे. ज्या कंट्रोलरचा ड्रायव्हर ते करत नाही, तिथे बंद क्लॉकच्या रजिस्टराला हात लागतो आणि कित्येक एआरएम चिपांवर अख्खी बस लटकते. मग लॉगमध्ये एक अक्षरही उरत नाही. पीसीआयवर सामायिक इंटरप्ट असेल तर झोपलेल्या कार्डाच्या रजिस्टरातून सगळे एक, म्हणजे एफएफ एफएफ, वाचून येतात आणि हँडलर त्यालाच खरी स्थिती समजून बसतो.

कोणतं उपकरण आधी झोपतं हे कोण ठरवतं?

मूल आधी झोपतं, पालक नंतर. उठताना पालक आधी. हे नातं डिव्हाइस मॉडेलच्या झाडातून येतं, त्यामुळे आयटूसीवरचा सेन्सर कंट्रोलरच्या आधी झोपणार हे पक्कं.

अडचण होते झाडात नसलेल्या नात्यांची. सेन्सरची वीज एका जीपीआयओ एक्सपांडरच्या, म्हणजे जास्तीच्या पिना देणाऱ्या चिपच्या, पिनवरून येते आणि तो एक्सपांडर दुसऱ्या आयटूसी बसवर आहे. झाडाच्या दृष्टीनं या दोघांचा काही संबंध नाही. एक्सपांडर आधी झोपला तर सेन्सरच्या कॉलबॅकला रेग्युलेटर बंदही करता येत नाही. यासाठी ४.१० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, डिव्हाइस लिंक आहेत. पुरवठादार कोण आणि ग्राहक कोण हे डिव्हाइस लिंक ॲड या फंक्शननं सांगायचं, की ग्राहक आधी झोपतो. आता डिव्हाइस ट्रीतल्या, म्हणजे बोर्डावर काय कशाला जोडलंय ते सांगणाऱ्या फाइलीतल्या, उल्लेखांवरून कर्नल अशा बऱ्याच लिंक आपोआप जोडतो. म्हणून डिव्हाइस ट्रीमध्ये सप्लाय, क्लॉक आणि जीपीआयओ खरे खरे लिहा. रेग्युलेटर कायम चालूच असतो असं गृहीत धरून ती ओळ गाळली, तर कर्नलला ते नातं कळायचा मार्ग उरत नाही.

असिंक सस्पेंड चालू केलेली उपकरणं समांतर झोपतात, पण ही नाती तिथेही पाळली जातात. न सांगितलेली नाती तिथे उघडी पडतात. पीएम असिंक या फाइलीत शून्य लिहिल्यावर अडचण गायब झाली तर समजा, कुठली तरी लिंक राहिली आहे.

रनटाइम पीएम आधीच लिहिलंय. सिस्टीम सस्पेंडसाठी वेगळं काही लिहावं लागतं का?

लागतं, पण थोडं. रनटाइम पीएम २.६.३२ मध्ये, २००९ साली आलं. त्याचा प्रश्न एवढाच: मशीन चालू असताना हे उपकरण रिकामं आहे का? सिस्टीम सस्पेंड कुणी रिकामं आहे का असं विचारत नाही. मध्येच काम चालू असलं तरी सगळ्यांना झोपावंच लागतं. त्यामुळे रनटाइमचा कॉलबॅक जसाच्या तसा सिस्टीम सस्पेंडला जोडणं बरोबर नाही. रनटाइम सस्पेंड होतो तेव्हा उपकरण रिकामं असल्याची खात्री असते, सिस्टीम सस्पेंडच्या वेळी ती खात्री तुम्हालाच निर्माण करावी लागते.

साध्या उपकरणांसाठी पीएम रनटाइम फोर्स सस्पेंड आणि पीएम रनटाइम फोर्स रिझ्युम ही जोडी आहे. फोर्स सस्पेंड त्या उपकरणाचं रनटाइम पीएम बंद करतं आणि ते जागं असेल तरच रनटाइम सस्पेंडचा कॉलबॅक चालवतं. आधी उगम थांबवायचा, मग हे फंक्शन बोलवायचं. आमचे निम्मे ड्रायव्हर असेच आहेत. मात्र ज्या उपकरणानं मशीनला जागं करायचं आहे तिथे जपून. रनटाइम सस्पेंडमध्ये वीजच काढत असाल तर जागं करणार कोण?

आणखी दोन ठेचा ठरलेल्या आहेत. एक, लेट टप्प्यात किंवा त्यानंतर पीएम रनटाइम गेट सिंक बोलावलं आणि उपकरण झोपलेलं असलं तर उणे १३, म्हणजे ईॲक्सेस, परत येतं, कारण कोरनं, म्हणजे कर्नलच्या पीएम सांभाळणाऱ्या भागानं, तोवर रनटाइम पीएम बंद केलेलं असतं. उपकरण जागं हवं असेल तर सस्पेंड टप्प्यातच जागं करून घ्या, तिथे अजून परवानगी असते. दोन, गेट सिंक अपयशी ठरलं तरी वापरणाऱ्यांची मोजणी वाढलेलीच राहते. त्रुटीच्या वाटेवर पुट नोआयडल विसरलात तर ते उपकरण पुन्हा आपणहून झोपत नाही. ५.१० पासून रिझ्युम अँड गेट आहे, ते अपयशात मोजणी स्वतः कमी करतं. नवीन कोडमध्ये मी तेच वापरायला सांगतो.

उपकरण आधीच रनटाइममध्ये झोपलेलं असेल तर त्याला उगाच उठवून पुन्हा झोपवायचं का?

नाही. डायरेक्ट कम्प्लीट यासाठीच आहे. प्रिपेअर कॉलबॅकनं शून्यापेक्षा मोठा आकडा परत केला आणि उपकरण रनटाइममध्ये झोपलेलं असलं, तर कोर मधले सगळे टप्पे गाळून थेट कम्प्लीटला येतो. त्याच्या खालची मुलंही तशीच झोपलेली हवीत. जागं करण्याची सेटिंग रनटाइमला आणि सस्पेंडला वेगळी लागत असेल तर मात्र हा रस्ता घेऊ नका.

सस्पेंड कॉलबॅकमधून त्रुटी परत केली तर काय होतं?

अख्ख्या मशीनची झोप मोडते. आधी झोपलेली उपकरणं कोर परत उठवतो. पण ज्यानं त्रुटी दिली त्याचा त्याच टप्प्याचा रिझ्युम बोलावला जात नाही. कोरच्या लेखी ते उपकरण झोपलेलंच नाही. तेव्हा अर्ध्या वाटेत अडचण आली तर तोवर केलेलं सगळं तुमच्याच कॉलबॅकनं परत फिरवायचं: इंटरप्ट चालू, क्लॉक चालू, वर्क पुन्हा रांगेत. ही वाट चाचणीत क्वचितच चालते. म्हणून आम्ही कोड तपासताना ती आधी वाचतो.

त्रुटी द्यायची कधी? फर्मवेअर लिहिणं चालू असताना वीज गेली तर चिप कायमची जाईल, अशा वेळी ईबिझी द्या. सेन्सरनं एका आज्ञेला उत्तर दिलं नाही म्हणून देऊ नका. एका बिघडलेल्या सेन्सरपायी बोर्ड रात्रभर जागा राहतो आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळते. तिथे इशारा छापा आणि शून्य परत करा.

रिझ्युमच्या त्रुटीवर कोर लॉगमध्ये ओळ छापतो आणि पुढे जातो. सावरायचं काम ड्रायव्हरचं.

मशीनला जागं करणारं उपकरण कसं लिहायचं?

प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर उपकरणाला जोडला जातो तेव्हा, डिव्हाइस इनिट वेकअप. सस्पेंडमध्ये डिव्हाइस मे वेकअप विचारा, हो असेल तरच एनेबल आयआरक्यू वेक, आणि रिझ्युममध्ये डिसेबल आयआरक्यू वेक. हे हातानं करायचं नसेल तर डेव्ह पीएम सेट वेक आयआरक्यू ते आपणहून करतं. मे वेकअप विचारणं टाळू नका. कुणी जागं करायचं हा अधिकार वापरणाऱ्याचा आहे, आणि तो सिसएफएसमधल्या वेकअप फाइलीतून चालवला जातो.

इंटरप्ट मागताना नो सस्पेंडचा झेंडा लावून काम भागवणारे ड्रायव्हर मी बरेच पाहिले. तो झेंडा टायमरसारख्या मोजक्या इंटरप्टांसाठी आहे. त्यानं मशीन जागं होईल याची हमी मिळत नाही, उलट तुमचा हँडलर अशा वेळी चालतो जेव्हा भोवतालचं सगळं झोपलेलं असतं. सामायिक तार असेल तर शेजारच्या ड्रायव्हरचाही हँडलर चालतो आणि त्याला याची कल्पनाही नसते.

वेक इंटरप्ट आला की हँडलर लगेच चालत नाही. कोर त्याची नोंद घेतो, झोप मोडतो आणि नो-आयआरक्यूचे रिझ्युम झाल्यावर इंटरप्ट परत चालू होतात तेव्हा तो चालतो. आता आरटीसी, म्हणजे वेळ राखणारी चिप, आयटूसीवर असेल आणि कंट्रोलर साध्या रिझ्युममध्ये उठत असेल, तर हँडलर कंट्रोलरच्या आधी धावणार. म्हणून ज्या बसवर जागं करणारं उपकरण आहे, तिच्या कंट्रोलरचे कॉलबॅक नो-आयआरक्यूमध्ये ठेवा.

बोर्ड विनाकारण जागा होत असेल तर डीबगएफएसमधली वेकअप सोर्सेस फाइल बघा, कोणाचा आकडा वाढतोय ते दिसतं. आमच्या पर्जन्यमापकाचा वाढत होता, तोही पाऊस नसताना. पिनांच्या स्लीप अवस्थेत त्या पिनचा पुल-अप काढून टाकला होता. रीड स्विचची तार लोंबकळत राहायची आणि शेजारची तीन फेजची मोटर सुरू झाली की बोर्ड उठायचा.

रिझ्युमनंतर सेन्सर चुकीचे आकडे देतो. कशामुळे?

वीज जाऊन आली, चिप मूळ अवस्थेत गेली आणि ड्रायव्हरला ते माहीतच नाही. रिझ्युममध्ये चिपबद्दल काहीही गृहीत धरू नका. रेगमॅप, म्हणजे रजिस्टरांची प्रत जपणारी कर्नलची सोय, वापरत असाल तर काम सोपं आहे. झोपताना रेगकॅश कॅश ओन्ली खरं करा आणि रेगकॅश मार्क डर्टी बोलवा. उठताना वीज द्या, डेटाशीटमध्ये सांगितलेला वेळ थांबा, कॅश ओन्ली खोटं करा आणि रेगकॅश सिंक. तो थांबायचा वेळ गाळू नका. गार पहाटे काही चिपांना उठायला टेबलावर लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

हायबरनेशनमध्ये आणखी एक गोष्ट. रिस्टोअर बोलावलं जातं त्याआधी दुसऱ्याच कर्नलनं त्या उपकरणाला हात लावलेला असतो. तिथे उपकरण नव्यानं सुरू करण्याइतकीच तयारी ठेवा.

रिझ्युममध्ये फर्मवेअर फाइल मागितली तर चालेल का?

युजरस्पेस अजून गोठलेलं असतं आणि ज्या डिस्कवर फाइल आहे ती कदाचित झोपलेली असते. नेहमीच्या रस्त्यानं मागितलेलं फर्मवेअर कर्नल झोपायच्या आधी कॅशमध्ये धरून ठेवायचा प्रयत्न करतो, पण मी त्यावर विसंबत नाही. छोटं फर्मवेअर असेल तर प्रोबमध्येच वाचून मेमरीत ठेवा. मेमरीचंही तसंच. झोपेच्या काळात कोर मेमरी वाटपातली डिस्कला हात लावणारी वाट बंद करतो, म्हणून मोठी मागणी अपयशी ठरू शकते. लागेल ते आधी घेऊन ठेवा.

झोपेत गेलेला वेळ कसा मोजू?

जिफीज आणि मोनोटॉनिक घड्याळ झोपेत पुढे सरकत नाहीत. केटाइम गेट बूटटाइम झोपेचा वेळही धरतं.

पीसीआय कार्ड डी३ मध्ये, म्हणजे खोल झोपेत, मी न्यायचं का?

नाही. कॉन्फिगरेशन जपणं आणि डी३ मध्ये नेणं पीसीआयचा बस कोड नो-आयआरक्यू टप्प्यात करतो. तुम्ही डीएमए थांबवा आणि इंटरप्ट शांत करा. जुन्या ड्रायव्हरांमधून पीसीआय सेव्ह स्टेटच्या ओळी उचलून आणू नका.

कॉलबॅक लिहिले, पण पीएम बंद ठेवून कर्नल बांधला की न वापरलेल्या फंक्शनाचा इशारा येतो.

डिफाइन सिंपल डेव्ह पीएम ऑप्स आणि पीएम स्लीप पीटीआर वापरा. ५.१७ पासून, म्हणजे २०२२ पासून, ही जोडी आहे. जुने इफडेफ आणि मेबी अनयूज्ड आता लागत नाहीत.

हे सगळं तपासायचं कसं?

पहिली पायरी पीएम टेस्ट. कर्नल बांधताना पीएम डीबग चालू ठेवा. मग पीएम टेस्ट फाइलीत फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोर यांतलं एक लिहा आणि नेहमीसारखं झोपायला सांगा. कर्नल तेवढ्याच पायरीपर्यंत जातो, ५ सेकंद थांबतो आणि परत येतो. यात एक मेख आहे. डिव्हायसेस या पायरीत फक्त प्रिपेअर आणि सस्पेंड तपासले जातात. लेट आणि नो-आयआरक्यू तपासायला प्लॅटफॉर्मपर्यंत जावं लागतं. डिव्हायसेस पास झालं म्हणून खूश होऊन निघालेले पुष्कळ जण मी पाहिलेत.

नंतर खरी झोप. आरटीसीवेक या आज्ञेला मेम आणि ३० सेकंद देऊन ती लूपमध्ये रात्रभर चालवा. बूटच्या ओळीत नो कन्सोल सस्पेंड आणि इनिटकॉल डीबग टाका. एरवी कन्सोल लवकर झोपतो आणि शेवटच्या ओळी तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. इनिटकॉल डीबगमुळे प्रत्येक कॉलबॅक कधी सुरू झाला, किती वेळ चालला ते छापलं जातं. कुठलं उपकरण झोपेला नकार देतं ते पॉवर फोल्डरातल्या सस्पेंड स्टॅट्समध्ये सापडतं: शेवटचं अपयशी उपकरण, त्रुटीचा आकडा आणि टप्पा. कॉलबॅक अडकूनच बसत असेल तर डीपीएम वॉचडॉग चालू करा. मूळ सेटिंगप्रमाणे १२० सेकंदांनी तो पॅनिक करतो आणि कोणत्या उपकरणावर अडकलं ते सांगतो.

आणि रिकाम्या बोर्डावर तपासू नका. सेन्सर जोराने इंटरप्ट देतोय, वर्क रांगेत आहे, युजरस्पेसमधून सारखं वाचन चालू आहे, अशा वेळी झोपवा. आमच्याकडे पानाच्या सेन्सरवर स्प्रे बाटलीनं पाणी मारत मारत सस्पेंडचा लूप चालवतात. दवाची ती फट आता टेबलावरच दिसते.

लॉग स्वच्छ आहे, बोर्ड झोपतो, उठतो. तरी बॅटरी पुरत नाही. का?

लॉग फक्त कॉलबॅक यशस्वी झाल्याचं सांगतो. वीज किती जाते ते मल्टिमीटरच सांगेल. बॅटरीच्या ओळीत मीटर घाला, पण बारीक रेंजवर लावू नका. बोर्ड उठताना लागणाऱ्या करंटनं व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होतो. आधी मोठी रेंज लावा, बोर्ड झोपला की मग बदला.

मग एकेक ड्रायव्हर काढत जा. मॉड्यूल काढल्यावर झोपेतला करंट वाढला तर तो ड्रायव्हर नीट काम करत होता. कमी झाला तर दोषी सापडला. काहीच फरक पडला नाही तर हार्डवेअरकडे वळा. आमच्या एका बोर्डावर ड्रायव्हर सेन्सरचा रेग्युलेटर व्यवस्थित बंद करत होता, पण आयटूसीच्या दोन्ही तारांचे पुल-अप कायम चालू असलेल्या ३.३ व्होल्टवर होते. वीज काढलेल्या सेन्सरमध्ये त्या तारांतूनच करंट शिरत होता, त्याच्या संरक्षक डायोडमधून. सेन्सर ना पूर्ण बंद, ना पूर्ण चालू. पुढच्या आवृत्तीत पुल-अप सेन्सरच्याच सप्लायवर घेतले. बागेत आधीच उभ्या असलेल्या बोर्डांसाठी ड्रायव्हर बदलला. तो आता रेग्युलेटर बंद करत नाही, सेन्सरला त्याच्या स्वतःच्या स्लीप मोडमध्ये ठेवतो. मीटरवर आकडा खाली आला.